एक खाच वर

"हात जोड," हे म्हणाले. "आणि मी सांगतो तसा नियम घे."

सकाळचा अभिषेक नुकताच आटोपला होता. गंधोदकाची वाटी कट्ट्यावर ठेवून पंडित आत गेले होते आणि गाभाऱ्यासमोर आम्ही दोघंच उरलो होतो. आमच्या जयसिंगपूरकडे जैन देवळाला बस्ती म्हणतात. ह्यांनी, म्हणजे माझे यजमान श्रेणिक मगदूम यांनी, बस्तीत आजवर मला कधी काही करायला सांगितलं नव्हतं. उलट माझ्या नियमांची चेष्टाच जास्त. अष्टमी-चतुर्दशीचा उपवास, दिवस मावळायच्या आत जेवण, पाणी गाळून पिणं, पहाटे ध्यानाला, सामायिकाला बसणं. "आमच्या गाडीला नसतील एवढे हिचे नटबोल्ट," असं पाहुण्यांत सांगायचे.

"कसला नियम?" मी विचारलं.

"परवा शेडमध्ये जे झालं ते कुणापाशी बोलायचं नाही. दादापाशी नाही, वहिनीपाशी नाही, माहेरी नाही. माझ्यापाशीसुद्धा पुन्हा तो विषय काढायचा नाही."

"आणि डॉक्टर?"

"मिरजेला मी एकटा जाऊन येतो. तू नियम घे."

"असला नियम असतो होय?"

"तू घेतलास की असतो." आवाज खाली आणून म्हणाले, "भगवंतापुढं घेतलेलं तू मोडत नाहीस. बाकी कुणाच्या तोंडाचा मला भरवसा नाही, रत्ना."

मी त्यांच्या हातांकडे बघितलं. त्यांनी ते माझ्याआधीच जोडले होते. मी हात जोडले आणि नियम घेतला.

शेडमध्ये काय झालं ते सांगायचं तर आधी गाडीचं सांगायला हवं. आता गाडीही नाही आणि हेही नाहीत, त्यामुळे सांगायला हरकत नाही.

आमच्या मामंजींची तंबाखूची वखार होती. तंबाखूला बरे दिवस होते तेव्हा मुंबईत एका परदेशी वकिलातीच्या लिलावात त्यांनी इंपाला घेतली. चौसष्ट सालची, अमेरिकेत झालेली. फिकट निळी, होडीसारखी लांब, चाक डाव्या हाताला आणि मागं सहा गोल लाल दिवे. ती गल्लीत वळायची तेव्हा लोक सायकली उचलून बाजूला घ्यायचे. पुढं मामंजी गेले, तंबाखू गेली, वखारीचे गाळे झाले. गाडी नावाला दोघा भावांची, सांभाळायला ह्यांच्या वाट्याला आली. वाट्याला कसली, अंगावर आली. तिचा एक भाग कुठं बाजारात मिळेल तर शपथ. पाण्याचा पंप गेला, ब्रेकचे लायनर झिजले, काच वर-खाली करायची मूठ तुटली, काही झालं की तुकडा पिशवीत घालून कोल्हापूरला उद्यमनगरात जायचं आणि लेथवर तसाच दुसरा करून आणायचा. अर्धं आयुष्य ह्यांनी त्या गाडीखाली पाठीवर झोपून काढलं.

मी त्यात पडले ती मांजरामुळे. लग्न होऊन आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात ह्यांनी गाडी सुरू केली आणि पंख्यात मांजराचं पिल्लू सापडलं. उबेला इंजिनावर झोपलं होतं. मी जेवणच सोडलं. तेव्हा हे वैतागून म्हणाले, "मग तूच रोज बघत जा." तेव्हापासून गाडी सुरू व्हायच्या आधी बोनेट उघडून आत जीव नाही ना हे बघायचं काम माझं. चिमणीच्या काड्या, बेडूक, गांधीलमाशीचं मातीचं घर, सगळं हलक्या हातानं बाहेर काढायचं. पेट्रोलही मी पाण्यासारखं मलमलीतून गाळून द्यायची. "गाडी जैन झाली," हे म्हणायचे. मी बंपरला चाळलेली राख लावायला गेले की मात्र धावून यायचे. "भांडं नव्हे ते. ओरखडे उठतात."

त्या बोनेटाच्या बिजागरीच्या स्प्रिंगा सैल झाल्या होत्या. नव्या करून यायच्या होत्या, तोवर हे काठीचा टेकू लावत. पावसाळा सरता सरता ती काठी निसटली आणि एवढं मोठं लोखंडी झाकण ह्यांच्या डोक्यावर आलं. टाके पडले. टाके निघाले. गोष्ट संपली असं वाटलं.

दिवाळी होऊन गेली आणि एका सकाळी मी बोनेटाखाली मुंगळे बघत होते, हे चाकामागं बसले होते. "झालं, लावा आता," म्हणून हाक मारली. ओ नाही. वाकून बघते तर मान एका अंगाला फिरलेली, डोळे उघडे पण कशावरच नव्हते आणि उजवा पाय लाकडासारखा ताठ होऊन पॅडलात रुतलेला. इंजिन बंद होतं म्हणून निभावलं. जरा वेळानं अंग सैल पडलं. माझ्याकडे बघून म्हणाले, "काय बघतेस?" त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. मी सांगितलं तेव्हा हसले. संध्याकाळी हसले नाहीत. आणि तिसऱ्या दिवशी मला बस्तीत घेऊन गेले.

मिरजेहून गोळ्या आल्या. डॉक्टर काय म्हणाले हे विचारायची मला सोय नव्हती, विषयच बंद होता. जेवताना आपणच म्हणाले, "गाडी चालवायची नाही म्हणे. वर्षभर तरी." मग ताटातून डोळे न उचलता, "बोलू नकोस. नियम आहे."

मी सकाळच्या कपाशेजारी गोळी ठेवत गेले. गोळीनं पेंग येते म्हणून काही सकाळी ती तशीच बशीत राहायची. मी ती उचलून परत पाकिटात ठेवायची. घरात दोन माणसं, आणि दोघांच्या मधे ती बशी.

हे एवढं कशासाठी, तर थोरल्या भावजींसाठी. भूपालदादा, ह्यांचे मोठे भाऊ. माणूस वाईट नाही, पण हिशेबी. गोव्याचा कुणी हॉटेलवाला गाडी मागत होता आणि भावजींच्या मनात ती कधीच देऊन झाली होती. फक्त मामंजी जाताना बोलून गेले होते, श्रेणिकचा हात चाकावर आहे तोवर गाडी दारात राहील. त्या शब्दाला भावजी बांधलेले. भेटले की विचारायचे, "हात चालतोय ना रे?" हे म्हणायचे, "चालतोय." चेष्टाच असायची ती. दिवाळीनंतर ती चेष्टा ऐकली की मी उठून आत जायची.

माघात त्रिशलाचं लग्न ठरलं. त्रिशला भावजींची एकुलती एक मुलगी. आम्हाला मूलबाळ नाही. ह्यांच्या मांडीवर बसून इंपालाचं चाक धरतच ती वाढली. मुलगा गावातलाच, चौगुल्यांचा. बैठक आटोपल्या आटोपल्या ती आमच्या दारात येऊन म्हणाली, "काका, वरात इंपालातनं. फुलं लावलेली दुसरी कुठली गाडी आली तर मी पायी जाईन."

"दुसरी कोण आणतंय?" हे म्हणाले. "तुझ्या आज्जाची गाडी आहे ती."

मी आतून ऐकलं. हातातली गाळणी पाण्यात पडली.

या गाडीला क्लच नाही. चाकाच्या दांड्यालाच उजव्या अंगाला गियरची एक दांडी आहे, ती खाली ओढली की गाडी आपणहून सरकायला लागते. तिला थोपवून धरतो तो फक्त ब्रेकवरचा पाय. वरातीत पुढं बँड, बँडच्या मागं नाचणारी पोरं, आणि त्यांच्या पाठीला गाडीचा बंपर. तो पाय निसटला तर. आणि नुसता निसटला नाही, त्या दिवशीसारखा ताठ होऊन दुसऱ्या पॅडलवर रुतला तर. सामायिकाला बसून डोळे मिटले की मला ढोल दिसायचे आणि ढोलाखालचे पाय दिसायचे. मंत्र तोंडात, मन त्या पायांत.

जाऊबाईंना मी आक्का म्हणते. एकदा त्यांना म्हणून बघितलं, "आक्का, बैलगाडीतून वरात काढू या. हौसेची होईल."

"व्याह्यांच्या दारात बैलगाडी?" आक्का हसल्या. "चौगुले म्हणतील, मगदूमांची गाडी विकली वाटतं."

शेवटी लग्न जवळ आलं तेव्हा शेडमध्ये मी ह्यांनाच विचारलं. हे कापडानं काच पुसत होते.

"गाडी चालू असताना शेजारच्या माणसाला थांबवायची झाली, तर काय करायचं?"

कापड थांबलं. मला वाटलं आता म्हणतील, विषय बंद आहे. पण मी विषय काढलाच नव्हता. मी गाडीचं विचारलं होतं.

"ये," म्हणाले. "इकडून बस. मधे सरक."

पुढची सीट एकसंध होती, बाकासारखी. मी त्यांच्याजवळ सरकले. त्यांनी माझा डावा हात धरून दांडीच्या गोळ्यावर ठेवला, त्यावर आपला हात ठेवला आणि वर ढकलला. आत काहीतरी टक्क झालं.

"एक खाच वर. गाडी मोकळी होते. मग पाय कुठंही असो, इंजिन नुसतं ओरडतं, चाकाला जोर जात नाही." हात काढून घेत म्हणाले, "त्यानंतर किल्ली. पण तशी वेळ येणार नाही."

मी रोज पहाटे, बोनेट बघून झालं की, मधे बसून ती खाच करून बघायची. अंधारात, न बघता. बोटांना सवय व्हावी म्हणून.

लग्न लागलं. सूर्य मावळायच्या आत पंगती उठल्या आणि हॉलच्या दारात इंपाला येऊन उभी राहिली. झेंडूच्या माळा, आरशाला मोत्यांची झालर. फेटा बांधून हे चाकामागं बसले होते. फेट्याखाली टाक्यांची खूण झाकली होती. इतके देखणे ते मला लग्नातही दिसले नव्हते. मागं त्रिशला आणि नवरा मुलगा. पुढची जागा व्याह्यांच्या मानाची, हे ठरलेलंच. आण्णासाहेब चौगुले उपरणं सावरत पुढं आले, भावजींनी दार उघडून धरलं आणि त्या उघड्या दारातून मी आत शिरून मधे जाऊन बसले.

"रत्ना," आक्का म्हणाल्या, "तू कुठं चाललीस?"

"मी मधे बसते."

"मधे? आण्णासाहेबांच्या मांडीला मांडी लावून? खुळी झालीस काय गं? उतर."

"मी उतरणार नाही, आक्का."

मी असं कधी कुणाला बोलले नव्हते. मागं बायकांत कुजबुज झाली. कुणीतरी म्हातारी म्हणाली, "एवढी वर्षं पदर सरकला नाही बाईचा, आणि आज बघा, भर वरातीत नवऱ्याला चिकटून."

भावजी वाकून ह्यांना म्हणाले, "श्रेणिक, बायकोला सांग."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. समोर बघत म्हणाले, "बसू दे."

"बसू दे म्हणजे?"

"बसू दे, दादा."

आण्णासाहेब मागं सरले. "आम्ही चालत येतो की," म्हणाले. "बायकांच्या गर्दीत आमचं काय काम." हसून म्हणाले, पण हा अपमान ते घरी जाऊन विसरणार नव्हते. भावजींनी दार लावलं ते आपटून. काचेतून मला म्हणाले, "मानपानात काडी घातलीस, रत्नप्रभा." पूर्ण नावानं.

बँड सुरू झाला. ढोल दिलावर शिकलगारचा. मगदूमांच्या घरातलं कुठलंच कार्य त्याच्या ढोलाशिवाय झालेलं नाही. काळा, ठेंगणा, ढोलाएवढाच रुंद. बंपरला पाठ टेकवूनच चालायचा आणि मधेच उलटा फिरून गाडीकडे तोंड करून वाजवायचा. मला बघून त्यानं ढोलाचं टिपरू कपाळाला लावलं.

"काकी, काकांना घेऊन पळून जायचा बेत हाय काय?"

पोरं हसली. त्रिशला मागं खुदखुदली. हे पण हसले. "पळून जायला गाडी तरी बरी आहे का बघ," म्हणाले.

माझा डावा हात दांडीवर होता आणि हातावर शालूचा पदर. पदराखाली काय आहे हे कुणाला दिसत नव्हतं. ह्यांना दिसत होतं.

गाडी माणसाच्या चालीनं सरकत होती. गल्लीगल्लीत ओवाळायला बायका थांबायच्या, बँड थांबायचा, हे ब्रेकवर पाय ठेवून थांबायचे. मी त्यांच्या पायाकडे बघत नव्हते, समोर दिलावरच्या पाठीकडे बघत होते. तोंडात णमो अरिहंताणं चाललं होतं. बस्तीचा कळस दिसायला लागला. तिथं दर्शन, मग चौगुल्यांचं घर. मला वाटलं, टळलं.

हे आरशातून त्रिशलाशी बोलत होते. "त्रिशे, आज्जा असता तर आज त्यानं स्वतः..."

वाक्य तिथंच राहिलं.

मी वळून बघितलं नाही. ह्यांच्या दंडाचा माझ्या दंडाला लागलेला भाग दगडासारखा झाला आणि गाडीनं नाक वर उचलून पुढं उडी घेतली. माझा हात वर गेला. टक्क झालं. इंजिन असं ओरडलं की पुढच्या काचेवरची माळ थरथरली. गाडी त्या उडीच्या जोरावरच पुढं घरंगळत गेली. दिलावर त्या क्षणी गाडीकडे तोंड करून वाजवत होता. बंपर त्याच्या ढोलाला टेकला, ढोल त्याच्या पोटाला टेकला, तो फरफटत मागं गेला, आणि गाडी थांबली.

इंजिन ओरडतच होतं. आणि लोकांनी शिट्ट्या मारल्या.

त्यांना वाटलं, काका हौसेनं गाडी घुमवतायत. "काका, अजून एकदा," पोरं ओरडली. दिलावर बंपरवर रेलून, घामाघूम, इंजिनाच्या तालावर ढोल बडवायला लागला. सगळी वरात गाडीभोवती नाचायला लागली. आत ह्यांची मान माझ्यापासून दूर खेचली गेली होती, दात आवळलेले, पाय पॅडलवर. मी उजवा हात त्यांच्या छातीवरून पलीकडे नेऊन त्यांना सीटला दाबून धरलं, म्हणजे बाहेरून सरळ बसलेले दिसावेत. फेटा घसरत होता तो गालानं अडवला. कुणीतरी ओरडलं, "काकी काकांना सोडंनात बघा." आणि हशा झाला. त्यांचा गुडघा दांडीवर धडकत होता, म्हणून डावा हात काढता येत नव्हता. किल्ली चार बोटांवर होती. मी मनात म्हटलं, दांडी सुटली तर सुटली. हात काढला, किल्ली फिरवून काढून घेतली.

आवाज बंद झाला तसा नाचही बंद झाला. कुणी म्हणालं, "बंद पडली." कुणी म्हणालं, "तापली असेल, जुनं धूड ते."

त्रिशला पुढं वाकली होती. "काकी, काकांना काय झालं?"

मला सांगता येत नव्हतं. काही झालं नाही असंही म्हणता येत नव्हतं. खोटं बोलणार नाही हा नियम मी लग्नाआधी एका साध्वी माताजींपुढं घेतलेला.

"तुम्ही दोघं उतरा," मी म्हटलं. "बस्ती समोर आहे. चालत जा."

आरशात तिला ह्यांचं तोंड दिसलं असावं. तिनं पुन्हा विचारलं नाही. शालू आवरत नवऱ्याला म्हणाली, "चला, पाय तरी मोकळे होतील," आणि उतरली. नवरी पायी निघालेली बघून बँडवाल्यांना नवा जोर आला. वरात आम्हाला ओलांडून पुढं गेली. भर रस्त्यात गाडी आणि आम्ही दोघं राहिलो.

ह्यांचं अंग सैल पडलं. डोळे हळूहळू परत आले. समोरचा रिकामा रस्ता बघून म्हणाले, "वरात कुठाय? किल्ली कुणी काढली?"

किल्ली माझ्या मुठीत होती. मी ती त्यांच्या तळहातावर ठेवली. ती त्यांची होती.

भावजी उलटे परत आले होते. खिडकीशी वाकून म्हणाले, "पडली ना बंद? व्याह्यांच्या समोर?"

"बंद नाही पडली, दादा." ह्यांची जीभ जड होती. "आत्ता लावतो. दर्शन झालं की चौगुल्यांच्या दारात नेऊन सोडतो पोरीला."

"लाव मग लवकर. मागं ट्रॅक्टर खोळंबलाय." भावजी बस्तीकडे गेले.

ह्यांनी किल्ली भोकात घातली. फिरवली नाही.

"रत्ना. मला मधे काही झालं होतं?"

मी गप्प.

"नियम आहे. बरोबर आहे." त्यांनी मान हलवली. "मग असं कर. नुसतं नाही म्हण. काही झालं नाही म्हणायला नियम कुठं आडवा येतो? तेवढंच म्हण. मी किल्ली फिरवतो."

मी त्यांच्याकडे बघितलं.

"एकदा नाही म्हण गं."

असं त्यांनी माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. बस्तीत माझं तोंड बंद करताना त्यांनी सगळा विचार केला होता. फक्त बंद तोंडातून 'नाही'सुद्धा बाहेर येत नाही, एवढं त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. बस्तीतला ढोल ऐकू येत होता. मागून ट्रॅक्टरवाल्यानं हॉर्न दिला. त्यांनी ओठ पुसायला फेट्याचा शेमला घेतला, पुसला, आणि शेमल्यावर लाल डाग बघितला. जीभ चावली गेली होती. तो डाग त्यांनी घडीत लपवला आणि मग त्यांच्या लक्षात आलं की मी बघतेय.

किल्ली काढून ते उतरले. दार धरून जरा उभे राहिले आणि बस्तीच्या पायऱ्यांकडे चालायला लागले. मीही उतरून मागं गेले. पडतील अशी भीती होती. पायरीशी भावजी आणि आण्णासाहेब बोलत उभे होते.

"दादा," हे म्हणाले, "मला फिट येते. गाडी चालवायची नाही म्हणून डॉक्टरांनी सांगितलंय. आत्ता मधे आली होती. गोव्याला कळवून टाक."

भावजींना आधी काही कळलंच नाही. "कधीपासनं?"

"दिवाळीपासनं."

"दिवाळीपासनं." भावजींचा आवाज एकदम बारीक झाला. "आणि तू माझ्या पोरीला बसवलीस गाडीत?"

"बसवली."

भावजींचा हात उठला. मला वाटलं मारतात. तो हात त्यांनी स्वतःच्याच कपाळावर टेकवला. आण्णासाहेब एकदा ह्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होते. पुढच्या सीटचं कोडं त्यांना तेव्हा उलगडलं असावं. पण ते व्यवहारी माणूस, म्हणाले, "ते नंतर बघू. आधी गाडी कडेला घ्या. रस्ता अडलाय."

दर्शन आटोपून पोरं बाहेर आलीच होती. ढकलायला माणसांची कमी नव्हती. "काय झालं, काय झालं," करत सगळे मागं जाऊन लागले. भावजी म्हणाले, "चाक कोण धरणार?" कुणी पुढं येईना. डाव्या हाताचं चाक, कुणाला सवय नव्हती.

"ही धरेल," हे म्हणाले. मला म्हणाले, "बस. दांडी मोकळीच आहे."

त्या जागेवर मी आजवर कधी बसले नव्हते. चाक केवढं मोठं, आणि इंजिन बंद असल्यामुळं असं जड की दोन्ही हातांनी ओढावं लागत होतं. पोरांनी जोर लावला, गाडी हलली. हे खिडकीच्या कडेवर हात ठेवून शेजारून चालत होते. फेटा काढून काखेत धरला होता. टाक्यांची खूण उघडी पडली होती.

"थोडं डावीकडं," म्हणाले. "आता सरळ." आणि जरा वेळानं, "सुटला तुझा नियम. बोललीस तरी चालतंय आता."

एवढे दिवस आत साठलेलं सगळं कुठं गेलं कोण जाणे. मी चाक ओढत राहिले.

"किती वेळ गेलो होतो मी?" त्यांनी विचारलं.

"दिलावर गेला असता," मी म्हटलं. "तेवढा वेळ."

ह्यांनी मागं वळून बघितलं. दिलावरनं ढोल बस्तीच्या पायरीवर उतरवून ठेवला होता. सहा लाल दिव्यांच्या मधे गाल टेकवून तो सगळ्या अंगानं गाडी ढकलत होता आणि पोरांना हाळी देत होता, "लावा जोर, लावा, काकी चालवतीया आज." हे चालता चालता त्याच्याकडे बघत राहिले. बस्तीची भिंत जवळ आली तरी बघतच होते. ब्रेक कधी दाबायचा हे सांगायचं राहून गेलं.

मग माझा मीच दाबला.